लोण्याचे हंस

आज सकाळी दार उघडलं तर पायरीवरच्या दुधाच्या बाटलीनं आपली टोपी बोटभर वर उचलून धरली होती. दूध गोठलं की फुगतं, आणि वर साठलेली साय झाकणासकट मान बाहेर काढते. लंडनच्या कडेला, एजवेअरला राहायला आल्यापासून असं फार कमी वेळा पाहिलंय. यंदाचा हिवाळा मात्र जुन्या वळणाचा आलाय. रस्त्यावरच्या गाड्या पांढऱ्या, कुंपणं पांढरी, आणि आवाज म्हणून कसला नाही. मी बाटली आत आणून ओट्यावर ठेवली आणि चहाचं आधण उकळून आटेपर्यंत तिच्याकडेच बघत उभी राहिले.

ब्रिस्टलमधला तो हिवाळा मला आठवतो असं म्हणणं तितकंसं खरं नाही. त्या हिवाळ्यात मी फारशी नव्हतेच. हात होते, डोळे होते, सकाळी उठून ओव्हरकोट घालणारं एक शरीर होतं. त्यानं जे पाहिलं ते माझ्याजवळ पडून राहिलं आहे, एवढंच.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इंग्लंडला आलो. हे ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे डॉक्टर होते. मी पुण्याहून संस्कृत घेऊन एम.ए. केलेली, आणि त्या पदवीचा इथे कुणाला काही उपयोग नव्हता. टेकडीवर चढत जाणाऱ्या एका रस्त्यावर, जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. दोन खोल्या, ऊब द्यायला एक पॅराफिनचा, म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, आणि खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं धरणारं बर्फ. त्या बर्फाची सकाळी पानंफुलं झालेली असत. सुंदर असत. मी ती नखानं खरवडून काढत असे, कारण ती वितळली की पाणी थेट भिंतीत मुरायचं.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी आमची मुलगी जन्मली, आणि जन्मली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

तेव्हाची पद्धत अशी होती की बाईला मूल दाखवायचं नाही. मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, न पाहिलेलंच बरं असतं, पोरी. ती वाईट नव्हती. माझे केस मागे सारून तिनं उशी नीट केली. मग कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन कुणीतरी दाराबाहेर गेलं, आणि दार आपोआप हळूहळू मिटलं. त्या दाराला वर एक पितळी दांडा होता. दार आपटू नये म्हणून लावलेला. मला मुलीचं असं आठवतं ते एवढंच: तो दांडा.

तिसऱ्या दिवशी मला पान्हा फुटला. शरीराला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी माझी छाती रुंद पट्ट्यानं आवळून बांधली, गोळ्या दिल्या, पाणी कमी प्यायला सांगितलं. घरी आल्यावरही काही दिवस तो पट्टा होता. मी पट्ट्यावर ब्लाउज, ब्लाउजवर स्वेटर, स्वेटरवर कोट घालून बटाटे सोलत असे.

हे चौथ्याच दिवशी ड्यूटीवर गेले. घरी आले की जेवत, ताट धुऊन ठेवत, पेपर उघडत. मुलीबद्दल एक अक्षर नाही. मीही बोलले नाही. आम्ही भांडत नव्हतो. एकमेकांना मीठ देत होतो, छत्री देत होतो. मला वाटायचं, या माणसाला काही झालेलंच नाही. असं वाटून राग यायला हवा होता. तोही येत नव्हता.

एकदा दुपारी बेल वाजली. दारात निळा कोट घातलेली हेल्थ व्हिजिटर उभी होती, हातात बॅग आणि वजनाचा काटा. नव्या बाळांच्या घरी या बायका जात. हॉस्पिटलमधून तिला काही कळवायचं राहून गेलं असावं. ती प्रसन्न हसून म्हणाली, "कुठे आहेत आमच्या बाईसाहेब?" मी सांगितलं, नाहीत. तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा गळ्यापासून कानापर्यंत लाल झाला. ती खुर्चीवर बसली. मी तिला चहा करून दिला. ती तो पिईपर्यंत मी बशी धरून उभी राहिले. ती जाताना पुन्हा पुन्हा माफी मागत होती आणि मी म्हणत होते, काही नाही, काही नाही. ती उतारावर घसरत जपून जपून चालली होती. मी पडदा सोडला आणि उरलेले बटाटे सोलले.

शेजारच्या घरात मिसेस हॉस्किन्स राहत. नाव इंग्रज, बाई स्वीडनची. तिचा नवरा विमानांच्या कारखान्यात फिटर होता; दुसरं महायुद्ध संपल्यावर कधीतरी बोटीवर भेटला आणि तिला इकडे घेऊन आला. पन्नाशीची, हाडापेरानं मोठी, पांढुरक्या भुवयांची. तिचं पहिलं नाव ब्रिता. इंग्रजीत अहो-जाहो करायची सोय नाही, पण मी मनातल्या मनात तिला ब्रिताबाईच म्हणत असे. तोवर आमचं बोलणं कुंपणावरून, हवेपुरतं.

बर्फ पडून पडून रस्त्याच्या कडेला कंबरेएवढे ढीग झाले होते तेव्हा ती एक दिवस मागच्या दारानं आत आली. हातात जाड काचेची जॅमची बरणी, आत अर्ध्यापर्यंत साय. सोनेरी झाकणाच्या, जास्त सायीच्या दुधाच्या बाटल्यांमधली गोठून वर आलेली साय तिनं आठवडाभर गोळा केली होती. माझी विचारपूस तिनं केली नाही. तिच्या मनगटात संधिवाताची कळ येत होती, तेवढं तिनं सांगितलं, आणि बरणी माझ्या हातात दिली. "हलव," म्हणाली, आणि बसली.

मी हलवायला लागले. आधी नुसती डुचमळ. मग साय घट्ट झाली आणि आवाज बंद झाला. हात दुखायला लागले तरी थांबायचं सुचत नव्हतं, कारण थांबून दुसरं काय करायचं तेही सुचत नव्हतं. मग एकाएकी बरणीत काहीतरी सुटलं, खळकन पाणी वेगळं झालं, आणि पिवळसर गोळे वर तरंगायला लागले.

"लोणी आलं," मी म्हटलं. मराठीत. कितीतरी दिवसांत मी आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द असावा.

ती बरणीत डोकावली आणि तिनंही तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं. 'गोस', असा काहीसा आवाज. गोळ्यांकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, गोस. मग इंग्रजीत समजावलं. तिच्या आईची आई खेड्यात राहत असे. ती लाकडी घुसळणीत लोणी काढी, आणि लोण्याचे गोळे ताकावर डुलायला लागले की पोरांना हाक मारी: या, हंस आले बघा. लठ्ठ, पांढरे, पाण्यावर बसलेले हंस. तो गोळा थेट पावावर थापायचा. म्हणून त्यांच्याकडे लोणी लावलेल्या पावाला 'स्मरगोस' म्हणतात. स्मर म्हणजे लोणी, गोस म्हणजे तो गलेलठ्ठ पाळीव हंस. लोण्याचा हंस. आता तिच्या देशातसुद्धा लोक हा शब्द दिवसातून चारदा बोलतात आणि त्यात पक्षी बसलाय हे कुणाच्या ध्यानात नाही. त्याला 'बोर्ड' जोडला, म्हणजे टेबल, की लंडनच्या मोठ्या हॉटेलांत मांडतात ती स्वीडिश मेजवानी झाली, स्मॉर्गसबोर्ड. इंग्रज तो शब्द तोंड भरून म्हणतात. आपण लोण्याच्या हंसांचं टेबल म्हणतोय हे त्यांच्या गावी नसतं.

तिनं हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात कुठेतरी एक दिवा लागला. म्हणजे मला आनंद झाला असं नाही. बंद घरात कुणीतरी चुकून बटण दाबावं तसं. पुण्याला आमचे सर फळ्यावर शब्दांची घराणी काढून दाखवत. एका मुळातून किती फांद्या. त्यात हा होता. मी म्हटलं, "आमच्या संस्कृतात हंस. जर्मनमध्ये गान्स. इंग्रजीत गूस. तुमचा गोस त्यातलाच आहे. एकाच पोटचे."

ब्रिताबाईला हे पटेना. तिनं मला विचारलं, तुमचा हंस कसा असतो? मी सांगितलं, मान लांब, शुभ्र, सरस्वतीजवळ बसतो, आणि दुधात पाणी मिसळलं तर दूध तेवढं पिऊन पाणी ठेवतो. ती खुर्चीत मागे रेलली. तिच्या आजोळचा हंस म्हणजे अंगणात घाण करणारं, पोरांच्या पोटऱ्या फोडणारं जनावर. त्याला दूध-पाणी कळत असेल यावर तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, नातं असेल तर फार लांबचं, बोलणं-चालणं नसलेलं. मग तिनं पाव कापला, ते कोवळं लोणी जाडसर लावलं, मीठ भुरभुरवलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. मी खाल्लं. चव आठवत नाही. खाल्लं हे आठवतं.

त्यानंतर ती रोज यायला लागली. शब्दाचं भांडण मिटलं नव्हतं. तिचा नवरा स्वीडिशचा एक शब्द शिकला नव्हता, मुलंबाळं नव्हती, गावी जाऊन वर्षं झाली होती. आपल्या भाषेतला शब्द मोठ्यानं उच्चारून, तो उघडून, आत काय आहे हे दुसऱ्याला दाखवायची वेळ तिच्यावर कितीतरी वर्षांत आलीच नव्हती. हे तिनं मला सांगितलं ते बरंच पुढे. तेव्हा तिनं एवढंच ठरवलं की लायब्ररीत जाऊन एकदाचा निकाल लावायचा.

घरातून मी बाहेर पडले ती अशी. बसनं आम्ही सेंट्रल लायब्ररीत गेलो. रीडिंग रूम गरम होती आणि ऊब घ्यायला आलेले म्हातारे पेपर पुढ्यात धरून डुलक्या काढत होते. डेस्कवरच्या माणसानं दोन अवजड कोश आणून ठेवले. आम्ही दोघी कोटाची बटणं न काढता त्यावर वाकलो. गोसचं मी म्हटलं तसंच निघालं. हंस तिथे होता, संस्कृत म्हणून, रोमन लिपीत, अक्षराखाली टिंब देऊन. मी त्या टिंबावर बोट ठेवलं. स्मर मात्र तिनं कधी शोधला नव्हता. तो इंग्रजीतही आला होता, पण इथे त्याचं 'स्मीअर' झालं होतं. लोण्याचा शब्द, आणि इथे त्याचा अर्थ काहीतरी चिकट फासणं, डाग पाडणं.

ब्रिताबाई ते दोनदा वाचून म्हणाली, "बघ. घर सोडून आला आणि त्याचं काय झालं."

मी तिला आमच्या लोण्याचं सांगितलं. संस्कृतात नवनीत, नुकतंच काढलेलं ताजं ते. 'नव' आणि 'नीत', हासुद्धा जोडशब्दच. शतकानुशतकं बायकांच्या तोंडात घोळून घोळून त्याची टोकं झिजली, 'न'चा 'ल' झाला आणि उरलं लोणी. त्यात 'नव' कुठे आहे ते आता दिसत नाही. ती म्हणाली, दिसत नसलं तरी आहे ना. मी हो म्हटलं. कोश मिटताना त्याचा धप्प आवाज झाला आणि एक म्हातारा जागा झाला.

परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो. एका वळणावर दफनभूमीची लांबलचक भिंत लागली. भिंतीपलीकडे सगळं पांढरं, त्यातून दगडांची फक्त डोकी वर. ब्रिताबाईनं बाहेर बघत विचारलं, "तुझी मुलगी कुठे आहे?"

मला प्रश्नच समजला नाही. आमच्याकडे 'वारली' म्हणतात तसं काही ब्रिताबाई बोलली नव्हती. ती कुठे आहे, असं विचारत होती. जागा. रस्ता. मी म्हटलं, मला माहीत नाही, कुणी सांगितलं नाही.

"तू विचारलंस?"

"नाही."

"विचारायचं असतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दया नव्हती. खरं सांगायचं तर म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोचलं.

त्या आठवड्यातल्या रविवारी यांना सुट्टी होती. दुपारचे जेमतेम तीन, पण उजेड गेल्यातच जमा. हे गुडघे टेकून स्टोव्हमध्ये नरसाळ्यानं पॅराफिन ओतत होते. मी टेबलाशी बसले होते. मी विचारलं, "अहो, तिला कुठे नेलं?"

पॅराफिनची धार थांबली नाही. टाकी भरेपर्यंत यांनी हात हलवला नाही. मग नरसाळं पुसलं, डबा बंद केला, आणि तसेच जमिनीवर बसून राहिले.

यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच नेलं होतं. हॉस्पिटल अशा बाळांची व्यवस्था परस्पर करत असे आणि आईबापांनी यायची गरज नाही असं सांगत असे. पण हे तिथलेच असल्यामुळे खाली शवागारात जाऊन उभे राहिले. एक दुपटं घरून घेऊन गेले होते. मी शिवलेलं, आईच्या जुन्या सुती साडीचं. कपाटात चारपाच होती. एक कमी झालेलं मला कळलंही नव्हतं. त्यात तिला गुंडाळलं. छोटी पांढरी पेटी होती. अंत्यविधीच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला मागे ठेवा, तर हे म्हणाले राहू दे, आणि पेटी मांडीवर घेऊन पुढे बसले. "आपल्यातही लहान मुलांना पुरतातच," ते मला समजावल्यासारखं म्हणाले, जणू त्यांनी काही वावगं केलं नव्हतं याची खात्री मी द्यायची होती. तिथे काही म्हणावं असं त्यांना वाटलं, पण एकही ओळ आठवली नाही. नुसते उभे राहिले. मग तीच गाडी त्यांना परत सोडून गेली आणि ते वॉर्डवर गेले.

सगळे वरिष्ठ त्यांना म्हणाले होते, बायकोजवळ विषय काढू नका, ती विसरेल. डॉक्टरांनी डॉक्टरांचं ऐकलं.

मी विचारलं, कशी होती.

यांनी स्टोव्हच्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जावळ खूप होतं. कपाळ तुझं."

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. मी उठले आणि चहा ठेवला. पण दोन कप भरून मी तेही टेबलावर न ठेवता जमिनीवर आणले आणि आम्ही सतरंजीवर बसून प्यालो. दिवा लावायचा राहिला.

हे लिहिताना माझा मुलगा वर त्याच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करतोय. त्या हिवाळ्यानंतर दोन वर्षांनी झाला तो, ब्रिस्टलचाच. त्याचं मराठी असं आहे की दूध त्याच्याकडे 'आली' आणि साय 'आला'. मी पूर्वी सुधारत असे. यांची नोकरी लंडनला आली तसे आम्ही एजवेअरला आलो, इथे आपली चार माणसं आहेत, गणपती बसतो, हळदीकुंकू होतं. ब्रिताबाईचा नवरा गेला आणि ती स्वीडनला परत गेली, आजोळच्या गावाजवळ. मध्ये एकदा तिचा फोन आला होता. दुकानातल्या पोरी तिचं बोलणं ऐकून हसतात म्हणे. तिचे शब्द त्यांच्या आज्यांच्या वेळचे आहेत, तीस वर्षं परदेशात जपून ठेवलेले. ती म्हणाली, मी म्हणजे आता कोशातलीच झाले. मला हसू आलं.

लोक विचारतात, कधी सावरलात त्यातून? सावरणं हा शब्द मला कळत नाही. मी काही घसरलेली नव्हते. मी गोठलेली होते, आणि गोठलेलं माणूस चांगलं उभं राहतं.

ब्रिस्टलमध्ये, त्या बोलण्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो. तीच भिंत, तेच वळण. मी रोज खिडकीतून त्या बाजूची टेकडी पाहत होते. फाटक उघडं होतं. वाट कुणीतरी फावड्यानं जेमतेम मोकळी केलेली. हे पुढे, मी त्यांच्या पावलांवर पावलं टाकत मागे. एका कोपऱ्यात भिंतीला पाण्याचा नळ होता, फुटू नये म्हणून त्याला गोणपाट गुंडाळलेलं. त्या नळाजवळ हे थांबले. तिथून डावीकडे थोडं चालले, मागे आले, पुन्हा गेले. तिथे दगड नव्हता, पाटी नव्हती, उंचवटासुद्धा दिसत नव्हता. एकीकडे तेवढे पाखराच्या पायांचे ठसे होते.

"इथे," हे म्हणाले. मग म्हणाले, "इथेच असणार. आणखीही आहेत हिच्याबरोबर. एकटी नाही."

मी उभी राहिले. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. बर्फ होतं, भिंत होती, यांच्या श्वासाची वाफ होती. वाकून बर्फाला हात लावावा असं मनात आलं, लावला. हातमोजा काढून लावला. गार होतं, बाकी काही नाही.

यांनी विचारलं, "मुलगी झाली तर काय नाव ठेवणार होतीस?"

"रोहिणी," मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

यांनी ते एकदा मोठ्यानं म्हटलं. हाक मारल्यासारखं नाही. नवीन माणसाचं नाव आपण नीट ऐकलं ना, हे बघायला म्हणतो तसं. मग आम्ही निघालो.

बस बराच वेळ आली नाही. आली तेव्हा आम्ही खालीच, पुढच्या सीटवर बसलो. त्या सीटखाली हीटर होता. दोन स्टॉप गेले असतील, आणि माझ्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग चटके, मग अशी कळ सुरू झाली की मी सीटची कड घट्ट धरली. बोटं जागी होत होती. एकेक, वेगवेगळं, दुखत होतं. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि तो थांबेना. हे म्हणाले, काय होतंय? मी म्हटलं, पाय. पाय दुखतायत हो. आणि मी रडायला लागले, मोठ्यानं, पायांसाठी, अनोळखी माणसांनी भरलेल्या बसमध्ये.

लोकांसमोर माझा हातही कधी न धरलेला हा माणूस सीटवरून खाली उतरला. दोन सीटांमधल्या ओल्या जमिनीवर, बर्फाच्या चिखलात गुडघे टेकून त्यानं माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही मोजे काढले आणि माझी पावलं आपल्या तळव्यांत धरून चोळायला लागला.

"अहो, लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत," हे म्हणाले. वर पाहिलं नाही. त्यांच्या कोटाच्या बाहीवर पाणी पडत होतं. माझं नव्हतं ते.